प्रवाळ जलजीवालय
नैसर्गिक अथवा कृत्रिम समुद्रजल भरलेल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ (पोवळी), त्यांच्या सान्निध्यात राहणारे मासे, इतर अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेले) प्राणी आणि सूक्ष्मजीव यांचा परस्परावलंबी समूह टिकवून धरला जातो, तेव्हा त्यास प्रवाळ जलजीवालय म्हणतात. केवळ मासे ठेवण्याच्या सागरी मत्स्यालयाहून ते भिन्न आहे. मत्स्यालयात पाणी हे माशांचे निवासस्थान असते. प्रवाळ जलजीवालयात पाण्याची रासायनिक घडण, प्रकाश, प्रवाह व खडकांवरील सूक्ष्मजंतू या सर्वांची मिळून एकच संस्था बनते आणि तिचा एक घटक ढासळल्यास उरलेले फार काळ टिकत नाहीत. सार्वजनिक जलजीवालयांत अशा समूहासाठी हजारो लिटर पाणी वापरतात. तथापि ८० ते १५० लि. पाण्याच्या टाकीतही असा समूह ठेवता येतो. हे साध्य होण्यास सु. दीडशे वर्षे लागली. या काळातील बहुतेक अपयशांचे मूळ डोळ्यांना न दिसणाऱ्या एखाद्या घटकात होते आणि तो घटक ओळखला गेल्यावरच पुढील प्रगती झाली. नवशिक्याच्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत ज्या अडचणी उद्भवतात त्यांचा अर्थही या इतिहासातूनच उलगडतो.

प्रारंभ : समुद्रातील प्राणी काचेमागे ठेवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करण्याचा मान झान व्हिलप्रो-पॉवर (१७९४–१८७१) या फ्रेंच विदुषींकडे जातो. सिसिलीतील मेसीना येथे त्यांनी १८३२ मध्ये आर्गोनॉट या आठ बाहूंच्या मृदुकाय प्राण्यासाठी काचेच्या टाक्या तयार करविल्या. आर्गोनॉट आपले कवच स्वतः तयार करतो की अन्य प्राण्याचे कवच बळकावतो, हा त्या काळी वादाचा विषय होता. तो ते स्वतःच तयार करतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले.

प्रवाळ दीर्घकाळ जिवंत ठेवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न लंडनमध्ये ॲना थिन (१८०६–६६) यांनी केला. १८४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून त्यांनी काही लहान प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर असल्यामुळे पाणी वारंवार बदलणे शक्य नव्हते. म्हणून ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतून त्यात हवा मिसळण्याची युक्ती त्यांनी योजिली. हे काम रोज घरातील मोलकरणीकडून करवून घेतले जाई. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्री शैवले ठेवली. हे प्रवाळ सु. तीन वर्षे जगले व त्यांची वाढही झाली. हे प्रवाळ थंड पाण्यातील होते व त्यांच्या शरीरात शैवले नव्हती. त्यामुळे उष्ण कटिबंधीय प्रवाळांच्या मानाने त्यांना प्रकाशाची गरज नव्हती, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

वनस्पती हवा शुद्ध करतात हे जोसेफ प्रीस्टली यांच्या १७७१ मधील प्रयोगांवरून आणि त्यासाठी सूर्यप्रकाश लागतो हे यान इंगेनहाउस यांच्या १७७९ मधील लेखनावरून ज्ञात होते. बंदिस्त काचपेटीत वनस्पती दीर्घकाळ वाढतात, हे नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सविस्तर मांडले. रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) या रसायनशास्त्रज्ञांनी हे तत्त्व पाण्याला लावले. गोड्या पाण्याच्या टाकीत सोनेरी मासे व पाणवनस्पती ठेवल्या असता कुजणाऱ्या पानांमुळे पाणी बिघडू लागले. तेव्हा त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली व पाणी स्वच्छ राहिले. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून ‘संतुलित जलजीवालया’ची कल्पना पुढे आली. प्राणी, वनस्पती व मलभक्षक या तीन घटकांचा मेळ बसला की पाणी आपोआप शुद्ध राहते, असा तिचा आशय होता. ही कल्पना उपयुक्त, परंतु अपुरी होती. कारण चौथा घटक, म्हणजे सूक्ष्मजंतू, तेव्हा अज्ञात होता.

छंदाचा प्रसार व किनाऱ्याची हानी : इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडले. त्याच्या उभारणीत सहभागी असलेले निसर्गवैज्ञानिक फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) यांचे जलजीवालयाविषयीचे पुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले व समुद्रप्राणी घरी पाळण्याची लाट उसळली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी कृत्रिम समुद्रजलाचे सूत्रही दिले. त्यात मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड अशी चार लवणे होती. कॅल्शियमाचे लवण त्यात नव्हते. समुद्रपुष्पांना त्याची उणीव फारशी जाणवली नाही. परंतु ज्यांचा सांगाडाच चुनखडीचा असतो अशा प्रवाळांसाठी ते पाणी पुरेसे नव्हते.

या लाटेचा भार किनाऱ्यावर पडला. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांतील डबक्यांतून संग्राहकांनी समुद्रपुष्पे व प्रवाळ खरवडून नेले. त्यांतील बहुसंख्य प्राणी काही दिवसांतच मरत व त्यांच्या जागी नवे आणले जात. गॉस यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात या उजाड झालेल्या डबक्यांबद्दल खेद व्यक्त केला असून आपल्या पित्याला त्याचे शल्य होते, असेही नमूद केले आहे. जे जगविण्याचे ज्ञान नाही ते गोळा करण्याची घाई, हा या छंदाचा मूळ दोष होय. तो पुढेही वारंवार प्रकट झाला.

मोठ्या जलजीवालयांनी निराळा मार्ग अवलंबिला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये उघडलेल्या जलजीवालयात विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी जमिनीखालील अंधाऱ्या हौदात साठवून ते पंपांनी सतत फिरते ठेवले. पाणी जितके अधिक, तितके त्यातील बदल मंद, हे तत्त्व यात होते. त्या काळी कारण न कळताही ते यशस्वी ठरले.

नायट्रोकरणाचा शोध : प्राण्यांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असून पाणी जितके अल्कधर्मी, तितके त्याचे विषारी रूप अधिक प्रमाणात आढळते. समुद्रजलाचे पीएच मूल्य सु. ८·२ असल्यामुळे सागरी टाकीत हा धोका विशेष असतो. अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर होणे ही केवळ रासायनिक क्रिया आहे, असा पूर्वी समज होता. १८७७ मध्ये श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूच्या स्तंभातून सांडपाणी झिरपवून ही क्रिया घडवून आणली. क्लोरोफॉर्माच्या वाफा सोडताच ती थांबली आणि नंतर थोडी माती मिसळल्यावर पुन्हा सुरू झाली. यावरून ती सजीवांकडून घडते हे उघड झाले. ती दोन टप्प्यांत व दोन भिन्न जंतूंकडून होते, असे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे काम करणाऱ्या धाकट्या रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) यांनी दाखविले. संतुलित जलजीवालयाची कल्पना मांडणाऱ्या वॉरिंग्टन यांचेच ते पुत्र होत. पित्याच्या टाकीत जो घटक अदृश्य राहिला होता त्याचा उलगडा पुत्राने शेतजमिनीच्या अभ्यासातून केला. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे केले.

या ज्ञानाचा जलजीवालयासाठी जाणीवपूर्वक वापर होण्यास मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. जंतू मुख्यतः पाण्यात नव्हे, तर वाळू, खडक व गाळणी यांच्या पृष्ठभागावर राहतात. म्हणून गाळणी हे घाण अडविण्याचे साधन नसून जंतूंचे वसतिस्थान आहे, ही दृष्टी रूढ झाली. हा अभ्यास आजही पूर्ण झालेला नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथील जलजीवालयाच्या उष्ण कटिबंधीय सागरी टाकीतूनच अमोनियाचे ऑक्सिडीभवन करणारा आर्किया गटातील एक सूक्ष्मजीव (नायट्रोसोप्यूमिलस मॅरिटिमस) प्रथम वेगळा करण्यात आला. हे कार्य केवळ सूक्ष्मजंतूच करतात, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

प्रवाळ व शैवले यांचे सहजीवन : उष्ण कटिबंधातील शैल-निर्मात्या प्रवाळांच्या ऊतकांत (समान कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहांत) सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. १९२८–२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील लो आइल्स येथे गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत मॉरिस यंग यांनी प्रवाळ अंधारात ठेवून या संबंधाचा अभ्यास केला. शैवले मुख्यतः टाकाऊ द्रव्ये शोषून घेतात; अन्न मात्र प्रवाळ स्वतःच पकडतो, असे त्यांचे मत होते. १९५८ मध्ये मस्कॅटिन व हँड यांनी किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने समुद्रपुष्पातील शैवलांनी तयार केलेली द्रव्ये प्राण्याच्या ऊतकात जातात हे दाखविले. १९५९ मध्ये टॉमस गोरो यांनी प्रवाळाच्या सांगाड्यातील चुन्याचे निक्षेपण प्रकाशात अधिक वेगाने होते हे सिद्ध केले. यामुळे प्रवाळ जलजीवालयाची गरज स्पष्ट झाली. येथे प्रकाश शोभेसाठी नसून तो अन्नाचा उगम आहे.

तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ घरगुती सागरी टाक्यांत पांढरे, विरंजित प्रवाळ-सांगाडे सजावट म्हणून ठेवले जात. टाकीतील मासे प्रवाळशैलातील असत, परंतु प्रवाळ मात्र मृत असत.

जिवंत खडक : या परिस्थितीतून बाहेर पडण्याचा मार्ग इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी दाखविला. १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले सच्छिद्र, सजीवांनी व्यापलेले खडक व वाळू, सूर्यप्रकाश आणि बारीक नळीतून सोडलेले हवेचे बुडबुडे एवढीच तिची सामग्री होती, गाळणी नव्हती. खडकाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन मिळणारे जंतू अमोनियाचे नायट्रेट करतात, तर खडकाच्या आतील ऑक्सिजनरहित भागातील जंतू नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. अशा रीतीने एकाच खडकात दोन्ही क्रिया पूर्ण होतात.

ही पद्धत समशीतोष्ण देशांत नेण्यासाठी कृत्रिम उपायांची जोड द्यावी लागली. पेटर व्हिल्केन्स यांनी १९७० नंतरच्या दशकात चुन्याच्या निवळीचा वापर सांगितला. बाष्पीभवनाने कमी होणाऱ्या पाण्याऐवजी ही निवळी थेंबाथेंबाने घातल्यास प्रवाळांनी वापरलेला कॅल्शियम भरून निघतो. ती तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे एकदम घातल्यास मात्र घातक ठरते. बर्लिनमधील छांदिष्टांनी जिवंत खडक, तीव्र प्रकाश, चुन्याची निवळी आणि फेस-विभाजक यांचा मेळ घातला. फेस-विभाजकात हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांना चिकटलेले सेंद्रिय पदार्थ फेसाबरोबर वर येऊन कुजण्यापूर्वीच बाहेर काढले जातात. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास दाट शैवलांच्या थरांनी पाणी शुद्ध करणारा प्रवाळशैलाचा नमुना उभारला. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे अमेरिकेत ‘लघुशैल’ टाक्यांचा प्रसार झाला. त्यांतील ठिबक-गाळण्यांत नायट्रेट साठत असल्याचे आढळल्यावर तेथेही खडकप्रधान पद्धतीच स्वीकारली गेली.

लहान टाकीची मांडणी : टाकी जितकी लहान तितकी सोपी, हा नवशिक्याचा समज चुकीचा आहे. बाष्पीभवनात केवळ पाणी जाते, लवणे मागे राहतात. ३५ सहस्रांश लवणतेच्या १०० लि. पाण्यातून ६ लि. उडून गेल्यास लवणता सु. ३७ होते, २० लि.च्या टाकीत तेवढा फरक जेमतेम १ लि. पाणी उडाल्याने पडतो. ही घट रोज गोड्या शुद्ध पाण्यानेच भरून काढावी लागते. खारे पाणी घातल्यास लवणता वाढतच जाते. १०० लि. पाणी, काच व खडक मिळून वजन १०० किग्रॅ.हून बरेच अधिक होत असल्याने बैठक भक्कम व समपातळीत असणे आवश्यक असते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट व कधी तांब्याचा अंश असतो. तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. म्हणून व्यस्त तर्षणाने (दाबाखाली सूक्ष्म पटलातून) शुद्ध केलेल्या पाण्यात तयार लवणमिश्रण विरघळवून ते एक दिवस ढवळत ठेवतात व विशिष्ट गुरुत्व १·०२५ ते १·०२६ आल्यावर वापरतात. तापमान २४° ते २७° से., पीएच मूल्य ८·१ ते ८·४ आणि कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिग्रॅ. असावे. दर १० लि. पाण्यास सु. १ किग्रॅ. सच्छिद्र खडक पुरतो. पाणी ताशी टाकीच्या आकारमानाच्या दहा ते वीस पट फिरेल असा प्रवाह आणि रोज आठ ते दहा तास प्रकाश ठेवतात.

यानंतरचा टप्पा प्रतीक्षेचा असतो. टाकीत प्राणी न सोडता अमोनियाचा अल्प पुरवठा करतात. प्रथम अमोनिया वाढतो; तो उतरू लागताच नायट्राइट वाढते; शेवटी तेही नाहीसे होऊन नायट्रेट दिसू लागते. यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य झाल्याचे तपासणीत आढळल्यावरच पहिला प्राणी सोडतात. या काळात पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. म्हणूनच फसगत होते. नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी नव्हे. पुढे खडकांवर तपकिरी व नंतर हिरवी शैवले येतात. हा बिघाड नसून समूहाच्या स्थिरावण्याचा क्रम असतो. त्या वेळी शैवले खाणाऱ्या गोगलगाई व त्यानंतर एखादा लहान मासा सोडतात. प्रवाळ सर्वांत शेवटी ठेवतात. आठवड्याला सु. दहा टक्के पाणी बदलणे, खाद्य अल्प देणे आणि वीज खंडित झाल्यास हवा देण्याची पर्यायी सोय ठेवणे ही देखभालीची मुख्य अंगे होत. उष्ण प्रदेशात उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्याची व्यवस्था अनिवार्य ठरते. कारण ३०° से.च्या वर पाणी फार काळ राहिल्यास प्रवाळ आपली शैवले बाहेर टाकून पांढरे पडतात.

भारतातील स्थिती : भारतात मद्रास (चेन्नई) येथे १९०९ मध्ये सागरी जलजीवालय सुरू झाले. मुंबईतील मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले आणि महाराष्ट्रातील अनेकांना प्रवाळशैलातील माशांचे पहिले दर्शन तेथेच झाले. भारतात प्रवाळशैल मुख्यतः कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान व निकोबार बेटे येथे आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्याजवळ त्यांचे लहान समूह आढळतात व तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०० किमी. अंतरावरील आंग्रिया बँक या बुडित पठारावरही प्रवाळ आहेत.

मन्नारच्या आखातात दीर्घकाळ चुन्यासाठी प्रवाळ खणून काढले जात. २००१ मध्ये सर्व शैल-निर्माते कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. त्यामुळे भारतीय समुद्रातून ते जिवंत किंवा मृत गोळा करणे व विकणे हा गुन्हा ठरतो. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइटीस करारानुसार परवान्यांनी नियंत्रित होतो. परिणामी भारतातील नवशिक्यासाठी योग्य मार्ग म्हणजे कृत्रिम सच्छिद्र खडक, त्यावर वाढविलेले जंतू आणि बंदिवासात जन्मलेले मासे. तमिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने विदूषक माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. अशी टाकी प्रवाळांवाचूनही पूर्ण असते. कारण तिचा आधार खडकावरील अदृश्य जीव हाच असतो.

महत्त्व : १९९८, २०१० व २०१४–१७ या काळांतील जागतिक विरंजनांनंतर चौथे जागतिक विरंजन घडत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. समुद्राचे पाणी तापत असताना टाकीत प्रवाळ जगविण्याच्या ज्ञानाला नवे मोल आले आहे. लंडन येथील हॉर्निमन संग्रहालयात ऋतुमान व चंद्रप्रकाश यांचे कृत्रिम चक्र निर्माण करून प्रवाळांकडून अंडी व शुक्राणू सोडविण्यात यश आले. त्या तंत्राच्या साहाय्याने २०१९ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा ॲक्वेरियममध्ये अटलांटिक महासागरातील स्तंभ-प्रवाळांचे बंदिवासात प्रथमच प्रजनन झाले. फ्लॉरिडाच्या समुद्रात २०१४ पासून पसरलेल्या रोगाने या प्रवाळांचा जवळजवळ नाश केला आहे. एकोणिसाव्या शतकात ज्या काचेच्या टाकीने किनारे उजाड केले तीच आज काही जातींचे अखेरचे आश्रयस्थान ठरत आहे. हा बदल टाकीच्या रचनेपेक्षा प्राणी आणण्यापूर्वी पाणी जाणून घेण्याच्या शिस्तीमुळे घडला.